रशियात ‘जुन्या काळातल्या’ रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

मॉस्कोच्या त्वेर्स्कोय बुलेव्हारवर ‘काफे पुश्किन’ आहे. बाहेरून पाहिलं तर दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा उमरावाचा वाडाच वाटतो. आत लाकडी कपाटं, पितळी दिवे, चामडी बांधणीची पुस्तकं, आणि ‘सुदार’, ‘सुदारिन्या’ म्हणजे जुन्या धाटणीचं ‘महाशय’, ‘बाईसाहेब’ असं संबोधणारे वेटर. प्रत्यक्षात हे रेस्टॉरंट १९९९ सालच्या जूनमध्ये सुरू झालं, कवी पुश्किनच्या जन्माला दोनशे वर्षं पूर्ण होत होती तेव्हा. नाव आलं ते १९६४ सालच्या एका फ्रेंच गाण्यातून. गाण्यात मॉस्कोच्या ‘काफे पुश्किन’चा उल्लेख होता. फ्रेंच पाहुणे येऊन ते शोधायचे आणि त्यांना ते सापडायचं नाही, असं सांगतात. शेवटी आंद्रेई देलोस या उद्योजकाने ते उभंच केलं.

रशियातली बहुतेक ऐतिहासिक थाटाची रेस्टॉरंटं अशीच आहेत. १९१७ च्या क्रांतीनंतर जुनी खासगी उपाहारगृहं बंद पडली किंवा सरकारजमा झाली. मॉस्कोच्या ‘स्लाव्यान्स्की बाझार’मध्ये १८९७ साली स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को हे दोन नाट्यकर्मी दुपारी जेवायला बसले, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोलत राहिले आणि त्यातून मॉस्को आर्ट थिएटर उभं राहिलं. पण तसं टेबल आज तुम्हाला मिळायचं नाही. आज जे दिसतं ते बरंचसं नेपथ्य आहे. त्यात वाईट काही नाही, नेपथ्य चांगलं असेल तर मजाच येते. फक्त भिंतींकडे बघून इतिहास शोधू नका. रशियन जेवणाचा इतिहास दोन ठिकाणी टिकून आहे, भट्टीत आणि पिंपात. या दोन ठिकाणांहून आलेले पदार्थ मागवले की जेवण सहसा फसत नाही.

पर्यटक म्हणून जाणारे, किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे असलेल्या मुलामुलींना भेटायला जाणारे आईवडील, अशांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे.

आधी काळ निवडा

‘ऐतिहासिक’ या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळी दुकानं चालतात.

पहिलं, जुन्या रूसचं, म्हणजे फार पूर्वीच्या रशियाचं. जाड पांढऱ्या भिंती, कमानदार छत, लांब लाकडी बाकं, मातीची भांडी. झारच्या दरबारातल्या बोयार सरदारांचा किंवा मठातल्या भोजनगृहाचा थाट. यासाठी मॉस्कोपेक्षा सुझ्दालसारखं छोटं गाव बरं. मॉस्कोपासून ते साधारण २२० किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या क्रेमलिनमध्ये, म्हणजे जुन्या किल्ल्यात, आर्चबिशपच्या जुन्या निवासात ‘त्रापेझ्नाया’ हे भोजनगृह अनेक वर्षं चालत आलेलं आहे. इथे निदान भिंती तरी खऱ्या. सुझ्दालची मधाची दारू, मेदोवुखा, देशभर प्रसिद्ध आहे.

दुसरं, एकोणिसाव्या शतकातल्या उमरावांचं. काफे पुश्किन याच प्रकारातलं. पांढरे टेबलक्लॉथ, फ्रेंच वळणाचे सॉस, जड मेन्यूकार्ड आणि त्याहून जड बिल. तिथेही तळमजल्यावर जुन्या औषधी दुकानाच्या धर्तीवर सजवलेलं दालन आहे आणि वर ग्रंथालयाचं. बसायला कुठलं हवं ते टेबल राखतानाच सांगा.

तिसरं, सोव्हिएत काळाचं. लाल मैदानाला लागून असलेल्या ‘गूम’ या भव्य दुकानसंकुलात वरच्या मजल्यावर ‘स्तालोवाया क्रमांक ५७’ आहे. सोव्हिएत कॅन्टीनच्या धर्तीवर ट्रे घेऊन रांगेत सरकायचं आणि समोर दिसेल ते उचलायचं. भाषा येत नाही, शाकाहारी आहात किंवा मुलं बरोबर आहेत, अशा वेळी पहिल्या दिवशी इथेच जा. पदार्थ डोळ्यांनी बघून घेता येतो आणि खर्चही आवाक्यातला असतो. थाटमाट दुसऱ्या दिवशी करा.

टेबल, वेळ आणि पैसे

नावाजलेल्या ठिकाणी टेबल आधी राखून ठेवा. तुम्ही ज्या हॉटेलात उतरला आहात तिथल्या स्वागतकक्षात सांगितलं तर ते फोन करून देतात. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने दुपारीच जावं. कामाच्या दिवशी दुपारी बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये ‘बिझनेस लंच’ असतो, म्हणजे सॅलड, सूप, मुख्य पदार्थ आणि पेय असं ठरलेल्या दरात. स्वयंपाकघर तेच, आचारी तेच, पैसे मात्र बरेच कमी. संध्याकाळी गाणंबजावणं असेल तर त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे आधीच विचारून घ्या.

पैशांचं नीट लक्षात घ्या. मार्च २०२२ पासून परदेशात दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड रशियात चालत नाहीत. आपल्या फोनमधलं यूपीआयही तिथे उपयोगाचं नाही. रोख रुबल खिशात हवेत, आणि ते बँकेत बदलून घेतलेले बरे. भाषांतराचं ॲप भारतातूनच उतरवून घ्या, इंटरनेटशिवाय चालेल अशी रशियन भाषाही त्यात भरून ठेवा. मेन्यूवर कॅमेरा धरला की बरंच काही कळतं.

कपड्यांबद्दल फार घाबरू नका, पण उमरावी थाटाच्या जागी चप्पल आणि अर्धी चड्डी शोभत नाही. बूट स्वच्छ हवेत. बर्फाच्या दिवसांत चिखलाने भरलेले बूट पायपुसण्यावर नीट पुसूनच आत जायचं, हे रशियन माणूस सवयीने करतो आणि तुम्ही केलं नाही तर त्याच्या लक्षात येतं.

दारातून आत

आत शिरल्याबरोबर गार्देरोब, म्हणजे कोट ठेवायची जागा. ओव्हरकोट अंगावर ठेवून टेबलाशी जाणं किंवा तो खुर्चीच्या पाठीवर टाकणं तिथे गबाळेपणाचं समजतात. कोट, टोपी, मफलर देऊन टाका आणि क्रमांकाचा बिल्ला घ्या. पासपोर्ट आणि पाकीट कोटात राहू देऊ नका. बिल्ला जपा, तो हरवला तर निघताना वाद होतो.

मग दाराशी उभी असलेली व्यक्ती तुम्हाला टेबलापर्यंत नेते. रिकामं टेबल दिसलं म्हणून स्वतःच जाऊन बसू नका. बसल्यावर पाणी आपोआप येणार नाही. ते बाटलीत येतं आणि त्याचे पैसे पडतात. ‘बेझ गाझा’ म्हटलं नाही तर बुडबुड्यांचं पाणी यायची शक्यता असते.

कधीकधी मागवण्याआधीच ब्रेडबरोबर एक छोटी वाटी समोर ठेवतात, आतिथ्य म्हणून. त्यातलं पांढरट, लोण्यासारखं दिसणारं प्रकरण डुकराची चरबी असू शकतं. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारल्याशिवाय ब्रेडला लावू नये.

मेन्यूचा क्रम

आपल्याकडे पान वाढतात तेव्हा मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं एकाच वेळी समोर असतं. रशियन जेवणात उलट, एकामागून एक येतं. आज जगभरच्या रेस्टॉरंटमध्ये सूप, मग मुख्य पदार्थ, मग गोड अशी जी रीत आहे तिला ‘रशियन पद्धत’च म्हणत. फ्रेंच मेजवानीत पूर्वी सगळी ताटं एकदम मांडली जायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमधले रशियन राजदूत अलेक्सांद्र कुराकिन यांच्या मेजवान्यांमुळे ही एकेक पदार्थ आणण्याची रीत तिकडे गेली, असं मानलं जातं.

क्रम असा. आधी झाकुस्की, म्हणजे थंड आणि गरम चटकमटक. मग ‘पेर्वोये’, पहिलं, म्हणजे सूप. मग ‘व्तोरोये’, दुसरं, म्हणजे मुख्य पदार्थ. शेवटी गोड आणि चहा. चारही टप्पे प्रत्येकी मागवायचा मोह आवरा. दोघांत दोन-तीन झाकुस्की, प्रत्येकी एक सूप आणि दोघांत एक मुख्य पदार्थ एवढं पुष्कळ होतं. झाकुस्की वाटूनच खायच्या असतात.

मेन्यूत पदार्थासमोर ‘२००/१००/३०’ असे आकडे दिसतील. ते ग्रॅम आहेत. मुख्य पदार्थ, सोबतचं तोंडीलावणं आणि सॉस. काही ठिकाणी ‘गार्नीर’, म्हणजे बरोबरचा बटाटा किंवा भाजी, वेगळीच मागवावी लागते. आणि एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. अख्खा मासा, खेकडा, कधीकधी मांसही, दर १०० ग्रॅमच्या भावाने लिहिलेलं असतं. समोर येतो तो मासा पाऊण किलोचा. कॅव्हिअरही ग्रॅमवर. लाल कॅव्हिअर साल्मन जातीच्या माशांचं, काळं स्टर्जनचं. काळ्याच्या किमतीत एक शून्य जास्त दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

भट्टीतलं मागवा

जुन्या रशियन घरात एक प्रचंड विटांची भट्टी असायची, ‘पेच’. घर तापवायचं तिने, पाव भाजायचा तिने, म्हाताऱ्यांनी हिवाळ्यात झोपायचं तिच्यावर. सकाळी लाकडं जाळायची, निखारे बाजूला सारायचे आणि मग मातीचं मडकं आत सरकवायचं. उष्णता हळूहळू उतरत जायची आणि मडक्यातलं तासन्‌तास मुरत राहायचं. खालून आच, वर कढई अशी रचनाच नसल्यामुळे जुन्या स्वयंपाकात परतणं-तळणं कमी आणि मुरवणं, भाजणं जास्त. कोबीचं सूप, खिमटासारखी ‘काशा’, भरलेले पाव हे सगळं त्या भट्टीचं देणं आहे. मेन्यूत ‘इझ पेची’ (भट्टीतून) किंवा ‘व गर्श्कये’ (मडक्यात) असं काही दिसलं तर आधी तिकडे वळा.

सूपमध्ये श्ची घ्या. आंबवलेल्या कोबीचं हे सूप रशियन खेड्याचं शेकडो वर्षांचं रोजचं अन्न आहे, आणि एक दिवस मुरलेलं श्ची ताज्यापेक्षा सरस मानतात. बोर्श्च, म्हणजे बीटचं सूप, सगळ्यांना माहीत असतं म्हणून सगळे तेच मागवतात. पण बोर्श्चचं घर युक्रेन. युनेस्कोने २०२२ साली त्याची पाककला युक्रेनच्याच नावाने वारसा यादीत घेतली. रशियन थाटाच्या दालनात बसून आधी श्ची चाखावी असं मला वाटतं. मासे खाणाऱ्यांनी ‘उखा’ मागवावी, माशाचं पातळ, नितळ सूप. त्याच्याबरोबर ‘रस्तेगाई’ मिळत असेल तर सोडू नका. हा छोटा भरलेला पाव, वर मुद्दाम तोंड उघडं ठेवलेला, आणि त्या तोंडातून आत गरम रस्सा ओततात. उन्हाळ्यात ‘ओक्रोश्का’ असते. काकडी, मुळा, अंडं, कधी मांस यांवर गार क्वास (राईच्या पावाचं आंबवलेलं पेय) किंवा ताकासारखा केफीर ओततात. पहिल्या घासाला विचित्र, चौथ्याला बरी, असा अनेकांचा अनुभव.

भरलेल्या पावांचा राजा म्हणजे कुलेब्याका. लांबट, आत थरांवर थर. मासा, कोबी, मशरूम, काशा, आणि थर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये पातळ ब्लिनी, म्हणजे धिरडी. एकच थर असलेला कुलेब्याका मागवण्यात अर्थ नाही. तीन-चार थर आहेत का ते विचारा.

मुख्य पदार्थात गोमांस नको असलेल्यांसाठी पोझार्स्की कटलेट ही सोय आहे. मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या रस्त्यावरच्या तोर्झोक गावातल्या पोझार्स्की यांच्या खानावळीवरून हे नाव आलं. १८२६ साली पुश्किनने एका मित्राला पत्रातल्या कवितेतून, तिथे थांब आणि तळलेली कटलेटं खा, असा सल्ला दिला होता. आज ती सहसा कोंबडीच्या खिम्याची करतात, बाहेर पावाचा जाड चुरा, आत लोणी. तरीही ‘इझ कुरित्सी?’ (कोंबडीची का?) एवढं विचाराच, कारण वासराच्या मांसाचीही करतात. बीफ स्त्रोगानोफ नावाप्रमाणे गोमांसाचंच. पेल्मेनीच्या, म्हणजे उकडलेल्या छोट्या मोदकांसारख्या पदार्थाच्या, सारणात बहुधा डुक्कर आणि गाय दोन्ही असतात, तेही एकत्र दळलेलं, म्हणजे नंतर वेगळं करायची सोय नाही. गव्यादिना गोमांस, तिल्यातिना वासराचं, स्विनिना डुकराचं, बारानिना मेंढीचं, कुरित्सा कोंबडी. हे पाच शब्द कागदावर लिहून घ्या.

आणि बटाटा? तो रशियात अठराव्या शतकात आला, आणि शेतकऱ्यांनी तो लावावा म्हणून एकोणिसाव्या शतकात सरकारने सक्ती केली तेव्हा दंगे झाले. त्याआधी टर्निप हाच गरिबाचा कंद होता. तेव्हा सतराव्या शतकातल्या बोयाराच्या दालनात कुणी ‘प्राचीन’ म्हणून बटाटा वाढला तर गालात हसावं आणि खावा. कोपऱ्यातला समोवार, म्हणजे चहासाठी पाणी तापवायचं भांडं, तोही त्या काळाचा नाही, तो अठराव्या शतकातला, आणि फडताळावरची मात्र्योश्का बाहुली तर १८९० च्या दशकातली.

पिंपातलं

सहा महिने जमीन गोठलेली असते तिथे भाजी पिंपात जाते. खारवलेली काकडी, आंबवलेला कोबी, खारवलेली रानमशरूम, भिजवलेली सफरचंदं, लसूण. ‘सोल्येन्या’ नावाखाली या सगळ्यांचं एक ताट मिळतं. जेवणाची सुरुवात याने करावी, कारण ते खरं जुनं आहे, त्यात मांस नाही आणि आपल्या जिभेला ते लगेच रुचतं. व्हिनेगरमध्ये घातलेली काकडी आणि मिठाच्या पाण्यात आंबलेली काकडी यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. चांगल्या ठिकाणी दुसरी मिळते. हलकी मुरलेली हवी तर ‘मालासोल्नीये’ म्हणा. खारवलेल्या ‘ग्रुझ्दी’ मशरूमवर आंबट साय, म्हणजे स्मेताना, घालून देतात. पूर्ण जेवणात एकच झाकुस्का घ्यायची असेल तर मी ती घेईन.

बाकीच्या झाकुस्कींत ‘सेल्योत्का पोद शुबोय’ म्हणजे बीट, गाजर, बटाटा यांच्या थरांखाली झाकलेला खारवलेला हेरिंग मासा. ‘खलदेत्स’ म्हणजे पाय उकळून गोठवलेली मांसाची जेली. ती नवख्याने लांबूनच बघावी. ऑलिव्हिए सॅलड मात्र ओळखीचं निघेल. आपल्याकडे लग्नाच्या बुफेत ‘रशियन सॅलड’ म्हणून जे मेयोनेजमधलं बटाटा-मटार प्रकरण असतं, त्याचं हे मूळ. मॉस्कोतल्या ‘एर्मिताझ’ रेस्टॉरंटमध्ये १८६० च्या दशकात ल्युस्यां ऑलिव्हिए यांनी ते केलं तेव्हा त्यात रानपक्ष्याचं मांस आणि खेकड्याच्या जातीचे प्राणी होते. सोव्हिएत काळात त्यांची जागा उकडलेल्या सॉसेजने घेतली. उमरावी थाटाच्या काही जागा आता पुन्हा जुन्या पद्धतीने करतात. तसं असेल तर मागवून बघा.

तिखट म्हणून मिरची शोधू नका. त्यांचं तिखट म्हणजे ‘ख्रेन’ हे झोंबणारं मूळ आणि मोहरी. रशियन मोहरी नाकात जाते, ती सॉससारखी चमचाभर लावू नका. आणि सगळ्यावर, अगदी सगळ्यावर, शेपू भुरभुरलेला असतो. शेपूचं नाव काढल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी ‘बेझ उक्रोपा’ हे शब्द पाठ करूनच जावं.

शाकाहारी असाल तर

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. बऱ्याच वेटरच्या मनात मासा म्हणजे मांस नव्हे, आणि कोबीचं सूप हाडांच्या रश्शावर केलेलं असलं तरी ते कोबीचंच सूप. त्याऐवजी ‘पोस्नये मेन्यू’ मागा, म्हणजे उपासाचा मेन्यू. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपासाला मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, आणि असे दिवस वर्षात दोनशेच्या आसपास भरतात. ईस्टरआधीचे सात आठवडे हा सगळ्यांत मोठा उपास. त्या काळात साध्या उपाहारगृहातही वेगळं पोस्नये कार्ड निघतं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलदरम्यान जात असाल तर नशीबवान आहात. २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी आणि १४ ते २७ ऑगस्ट हेही उपासाचे काळ. इतर दिवशी विचारलं तरी आचाऱ्याला तुम्हाला काय हवंय ते चटकन कळतं, कारण ही कल्पना त्याच्या आजीच्या घरातली आहे, बाहेरून आलेली फॅशन नाही.

या उपासाचा आपल्या मातीशी एक जुना संबंध आहे. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर राहिला, पुढे बीदरला गेला. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं पळवली होती, त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, याचा हिशेबच त्याला लागेना. मग तो अंदाजाने उपास करत राहिला आणि त्याबद्दल हळहळत राहिला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

एक सावधगिरी बाळगा. उपासाच्या कार्डावर कधीकधी मासे आणि कोळंबी असते, कारण काही दिवशी ती चालते. म्हणून पुढे जोडा: ‘बेझ म्यासा, बेझ रीबी, बेझ यायित्स’, म्हणजे मांस, मासा, अंडं नको. सूप घेताना ‘बेझ म्यास्नोवो बुल्योना’, मांसाच्या रश्शाशिवाय. ‘मी शाकाहारी आहे’ हे पुरुषाने ‘या विगितारियानेत्स’ आणि बाईने ‘या विगितारियान्का’ असं म्हणायचं.

मग काय मिळेल? विनिग्रेत, म्हणजे बीट, बटाटा, गाजर, खारी काकडी आणि तेल यांचं सॅलड. मशरूमचं सूप. ग्रेच्का, म्हणजे उत्तर भारतात उपासाला चालणारा कुट्टू, अख्खा शिजवून वर परतलेला कांदा नि मशरूम. बटाट्याच्या किंवा कोबीच्या सारणाच्या वारेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, मात्र त्यांच्या पिठात अंडं असू शकतं. ब्लिनीतही बहुधा असतंच. कोबीचे किंवा मशरूमचे पिरोझ्की, म्हणजे छोटे भरलेले पाव. अंडं न खाणाऱ्यांना उपासाच्या कार्डावरचे पिरोझ्की जास्त बरे. कांदा-लसूण-कंद न खाणाऱ्या जैन मंडळींची मात्र खरोखर अडचण होते. लोणी घातलेली साधी ग्रेच्का, काकडी-टोमॅटोचं सॅलड, फळं यांवर भागवावं लागेल. सोबत खाकरे असू द्यात.

पेयं

दारू न पिणाऱ्यांची इथे चंगळ आहे. मोर्स हा क्रॅनबेरीसारख्या रानफळांचा आंबटगोड रस. क्वास राईच्या पावापासून आंबवलेला, त्यात किंचित अल्कोहोल असतं, हे कटाक्षाने टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. स्बीतेन म्हणजे मध आणि मसाले घातलेलं गरम पेय. रशियात चहा पहिल्यांदा १६३८ साली मंगोल खानाकडून झारला भेट म्हणून आला. त्याआधी आणि नंतरही बराच काळ थंडीत लोक स्बीतेनच प्यायचे. जुन्या रूसच्या थाटाच्या दालनात चहाऐवजी हे मागवणं जास्त शोभतं.

व्होडका ग्रॅममध्ये मागवतात, ५० किंवा १००. ती बर्फाळ थंड येते, एका घोटात संपवतात आणि लगेच खारी काकडी किंवा हेरिंगचा तुकडा तोंडात टाकतात. झाकुस्कींचं अस्तित्वच मुळी यासाठी. रिकाम्यापोटी, गप्पा मारत घोट घोट पिऊ नका. टेबलावर रशियन यजमान असतील तर कुणी चार शब्द बोलल्याशिवाय प्यायला उचलू नये. परदेशी लोक ‘ना झ्दारोव्ये’ म्हणून ओरडतात, ते यजमान पाहुण्याच्या आभाराला उत्तर म्हणून म्हणतो. पेला उचलताना ‘झा व्स्त्रेचू’, भेटीप्रीत्यर्थ, म्हणा. प्यायची नसेल तर ‘या न्ये प्यू’ एवढं हसून सांगा आणि मोर्सचा पेला उचला. एकदा नाही म्हटलं की ठाम राहा, आग्रह होतोच.

गोड आणि चहा

उमरावी थाटाच्या जागी ‘गुर्येव काशा’ असेल तर तीच घ्या. झार अलेक्सांद्र पहिला याचे अर्थमंत्री द्मित्री गुर्येव यांच्या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ. दुधात शिजवलेला रवा, भट्टीत तापवलेल्या दुधाच्या खरपूस सायींचे थर, मध्ये सुका मेवा आणि मुरलेली फळं. मराठी जिभेला हे समजावून सांगावं लागत नाही. मधाचा थरांचा केक, मेदोविक, सगळीकडे मिळतो आणि सहसा चांगला असतो.

चहा किटलीने येतो, एक किटली दोघांना पुरते. लिंबू आणि छोट्या बशीत वारेन्ये, म्हणजे अख्ख्या फळांचा पातळसर मुरंबा. तो चहात ढवळायचा नाही, चमच्याने चाटत वर चहा प्यायचा. दूध मागितलं तर गार दूध वेगळं येईल. आपला उकळलेला दुधाचा चहा मिळणार नाही, त्याची आशा सोडून जा.

निघताना

‘श्चोत, पझालुस्ता’ म्हणजे बिल आणा. बिलात सेवाशुल्क जोडलंय का ते पाहा. नसेल आणि सेवा आवडली असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास रोख ठेवतात. सक्ती नाही. उरलेलं अन्न बांधून मागण्यात कमीपणा नाही, ‘स साबोय’ म्हटलं की डबा मिळतो. कुलेब्याका आणि पिरोझ्की दुसऱ्या दिवशी रेल्वेप्रवासात उत्तम लागतात, म्हणून निघण्याआधी दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवा. मग गार्देरोबला बिल्ला द्या. तिथला माणूस कोट दोन्ही हातांनी धरून उभा राहील. गडबडून तो हिसकावून घेऊ नका, पाठ वळवून बाह्यांत हात घाला आणि ‘स्पासीबा’ म्हणा.